हिरवं करून दे

आमच्या ऑफिसात ‘हिरवं करून दे’ असं कोणी म्हणालं, की नवख्या माणसाला वाटतं कुठलीतरी भिंत रंगवायची असेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. नंतर कळलं की हा आमच्या साहेबांचा लाडका वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ ‘खोटं बोल, पण तोंडाने नको, चित्राने बोल’ एवढाच आहे.

माझं काम काय ते आधी सांगते, म्हणजे मी एवढी का भडकले ते कळेल. आमची कंपनी रुग्ण उचलायची यंत्रं बनवते. ज्याला स्वतःहून उठता येत नाही अशा माणसाला कापडी झोळीत बसवायचं, झोळी यंत्राच्या लोखंडी हाताला अडकवायची आणि बटण दाबून त्याला पलंगावरून अलगद खुर्चीत आणायचं, असं ते यंत्र. तो हात तुटला तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तो तुटू नये म्हणून मला पगार देतात. मी कॉम्प्युटरवर त्या हाताचे हजारो बारीक तुकडे पाडते, त्याच्यावर माणसाचं वजन टाकते, आणि कुठल्या तुकड्यावर किती ताण आला याचा हिशेब कॉम्प्युटर करून देतो. इतके आकडे वाचत कोण बसणार? म्हणून त्यांचं रंगीत चित्र काढतात. कमी ताण निळा, मधला हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि सगळ्यात जास्त असेल तिथे लाल. चित्राच्या शेजारी एक उभी पट्टी असते. कुठला रंग म्हणजे कुठला आकडा, ते ती पट्टी सांगते.

सगळी गोम त्या पट्टीत आहे. पट्टीच्या वरच्या टोकाला कुठला आकडा ठेवायचा ते माणसाच्या हातात असतं. तिथे नियमातली मर्यादा ठेवली, तर मर्यादेबाहेर गेलेली प्रत्येक जागा लालभडक होऊन समोर येते. तिथे भलामोठा आकडा ठेवला, की तीच जागा शहाण्यासारखी हिरवी होऊन बसते. लोखंड तेच असतं, वजन तेच असतं, ताणही तोच असतो. पट्टीशिवाय असलं चित्र दाखवणं म्हणजे वजनं लपवून तराजू दाखवणं. पण बघणाऱ्याला रंगच दिसतो. हिरवं दिसलं की माणूस मान डोलावतो आणि सही करतो.

साहेब म्हणजे आमच्या डिझाइन विभागाचे प्रमुख. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असं वाटावं. त्यांनी ‘हलका हात’ नावाची एक कल्पना काढली होती. हाताच्या मुळाशी जो पत्रा लागतो तो सहा मिलिमीटरचा असायचा, तो त्यांनी चारचा केला. वजन घटलं, खर्च घटला, वरच्या लोकांनी पाठ थोपटली. मी त्या चारच्या पत्र्याचं चित्र काढलं तेव्हा हाताचं मूळ लालच्या लाल होतं. मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हिरवं करून दे."

मी नाही म्हणाले. ते हसले. "बरं, नको. मग पत्रा सहाचाच ठेवू. झालं समाधान?" असं म्हणून त्यांनी मला दुसऱ्या दिवशीच यंत्राच्या चाकांच्या कामाला लावलं आणि त्या हाताचं फोल्डर माझ्यासाठी बंद केलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम बदललं की फोल्डर बदलतं, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. पत्रा सहाचा ठेवतो असं विभागप्रमुख तोंडावर सांगतो तेव्हा खाली जाऊन फुटपट्टी लावून मोजत बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तो नवा हात बाजारात गेला. आणि मग एका हॉस्पिटलात, वाळूच्या पोत्यांनी यंत्राची नेहमीची चाचणी चालू असताना, तो मुळाशी फाटला. पोती खाली आली. नशीब एवढंच की झोळीत पोतीच होती.

बातमी आली त्या सकाळी साहेब स्वतः खाली शॉपवर, म्हणजे लोखंड कापण्या-जोडण्याच्या जागेवर, गेले. एरवी त्यांच्या बुटांना तिथली धूळ लागलेली मी कधी पाहिली नव्हती. फाटलेल्या हातावर ज्या वेल्डरचा नंबर ठोकलेला होता, त्या वेल्डरला त्यांनी सगळ्यांच्या मधोमध बोलावलं. कटर, ग्राइंडर, झाडूवाली, ट्रकवाला, सगळे बघत होते. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा जोड कच्चा निघाला. एखाद्याचा जीव गेला असता. चौकशी होईपर्यंत वेल्डिंगला हात लावायचा नाही, आणि खरं सांगू का, नंतरही लावायला मिळेल असं मला वाटत नाही."

ती वेल्डर म्हणजे माझी मावशी.

कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणतात, पण तिची खरी भाची मी एकटीच. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शिकवलं, आणि शिकून मी वरच्या मजल्यावर बसायला लागले तेव्हा "एसीत बसून गंजशील" असं सांगून अख्ख्या शॉपला पेढ्यांऐवजी शिव्या वाटल्या. तिच्या जिभेला धार आहे. ती लोखंड जोडते त्याच्या दुप्पट वेगाने माणसं तोडते. गरीब बिचारी वगैरे तिला कोणी म्हणू नये, म्हणणाऱ्याचं काही खरं नाही. पण जोडाबद्दल तिला कोणी कधी बोट दाखवलं नव्हतं. नवीन वेल्डर आला की त्याला आधी तिच्या मशीनमागे उभं करायचे. या एका गोष्टीवर ती मान ताठ ठेवून जगली होती, आणि साहेबांनी त्याच मानेवर, सगळ्यांसमोर, हात टाकला होता.

त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मावशी काही शिजवत नव्हती, नुसतीच भांडी इकडची तिकडे ठेवत होती.

"मावशी, पाणी देऊ?"

"माझ्या हातात नको देऊस, पेल्यालापण भोक पडेल. माझा हात कच्चा आहे ना."

"माझ्यावर कशाला चिडतेस?"

"मग कोणावर चिडू? तुमच्याच मजल्यावर चित्रं काढतात ना? काढलं असेल कोणीतरी माझंही."

मी तिच्यासमोर बसले. ती भिंतीकडे बघत राहिली. तिचे डोळे लाल होते, पण वेल्डरचे डोळे लाल असतातच, असं तिने लगेच सांगून टाकलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सहाच्या पत्र्यावर जोड घातलेला फाटतो कसा, तेच मला कळत नाही."

"सहाच्या कुठल्या?"

"हाताच्या मुळाशी जो असतो तो."

"तो चारचा असतो. नवा हात आला तेव्हापासून चारचाच येतोय."

"नक्की चारचा?"

"रोज हाताळते मी तो. चार म्हटलं ना," मावशी म्हणाली आणि पातेलं आपटलं.

इतक्या दिवसांत आम्ही दोघी एका घरात राहून पत्र्याच्या जाडीवर एकदाही बोललो नव्हतो. का बोलावं? घरी आलेली मावशी कामाचं नाव काढत नाही, आणि मी काढलं तर "वरचं वर ठेव" म्हणते. साहेबांनी मला सांगितलं होतं सहा, आणि मावशीच्या हातात दिला होता चार. आम्ही दोघी एकाच छपराखाली जेवतो हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांना त्याची भीती वाटली नव्हती. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आपली लबाडी दोन बायकांच्या जेवणाच्या ताटावर उघडी पडेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार लोटलं, बसले नाही.

"साहेब, पत्रा चारचाच होता. माझ्या चित्रात ती जागा लाल होती. हे चौकशीत सांगायला हवं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काळजी होती. हे त्यांचं कसब आहे. "हे बघ, तुझी तळमळ मला समजते. सख्खी मावशी आहे. पण तू तोंड उघडलंस तर लोक काय म्हणतील? भाची मावशीला वाचवतेय. तुझ्या शब्दाला काडीची किंमत राहणार नाही, आणि तिचं आणखी वाईट होईल. चौकशीत नात्यातल्या माणसाने बोलू नये असा संकेत आहे. मी तसं तपासनिसांना आधीच कळवलंय. तू फक्त लॅपटॉपपाशी बस आणि मी सांगेन तसं पान पुढे कर. नेहमीसारखं."

"आणि माझं चित्र?"

"दाखवणार आहे ना. तुझंच चित्र दाखवणार आहे," साहेब म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे मी ऐकून होते. फाशीचा दोर संन्याशाच्या भाचीकडून वळून घेतात, हे मात्र मला नवीन होतं. त्या फोल्डरमध्ये शिरायचा मी दिवसभर प्रयत्न केला. ‘परवानगी नाही’ एवढंच उत्तर येत राहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

चौकशी मीटिंगच्या खोलीत झाली. सरकारी सुरक्षा कचेरीतून एक तपासनीस आले होते. वयस्कर, सर्दीने बेजार, रुमाल हातातून सुटत नव्हता. हॉस्पिटलकडून मेट्रन आल्या होत्या, टेबलावर दोन्ही हात ठेवून बसलेल्या, सवयीने ताठ. मावशी टेबलाच्या पार टोकाला बसली होती. तिने धुतलेला गणवेश घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. मी पडद्याच्या बाजूला, लॅपटॉपपाशी.

साहेबांनी कंपनीचा इतिहास सांगितला, गुणवत्तेबद्दलची निष्ठा सांगितली, मग मला खूण केली. मी पान पुढे केलं आणि पडद्यावर तो हात आला.

"अगं बाई, हा तर पार वाकलाय," मेट्रन दचकून म्हणाल्या. "आमच्याकडे असा वाकलेला कधी दिसला नाही."

साहेब मनापासून हसले. "सगळ्यांना तसंच वाटतं मॅडम. तो वाक शंभरपट मोठा करून दाखवलाय, डोळ्यांना दिसावा म्हणून. खरा वाक तुमच्या नखाच्या जाडीएवढा."

हे अगदी खरं होतं. वाक असाच मोठा करून दाखवतात. आणि त्या एका खऱ्या वाक्याने साहेबांनी खोली जिंकली. मेट्रन थोड्या ओशाळल्या, खुर्चीत मागे टेकल्या, आणि आता हा माणूस सांगेल ते ऐकायचं असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मला दिसलं. खोटं विकायचं असेल तर आधी थोडं खरं वाटून द्यावं, ही अक्कल त्यांना कुठल्या शाळेने दिली कोण जाणे.

"आता रंग बघा," साहेब म्हणाले. "सगळा हात निळा, मुळाशी हिरवा. कुठेही पिवळं नाही, लाल तर नावाला नाही. म्हणजे रचना भक्कम आहे. मग तो तुटला का? जे चित्रात येत नाही त्याच्यामुळे. जोडामुळे. जोड माणसाच्या हाताचा असतो."

"कोणाच्या हाताचा ते नाव घेऊन बोला ना," मावशी म्हणाली.

"बाई, तुम्हाला बोलायची संधी मिळेल."

"ती मला शॉपवर का नाही मिळाली? तिथे तुम्ही एकटेच बोललात."

तपासनिसांनी हात वर करून तिला थांबवलं आणि रुमालात शिंकले. मावशी थांबली, पण आता ती पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे बारीक अक्षरांत चित्र करणाऱ्याची आद्याक्षरं होती. सॉफ्टवेअर ती आपोआप घालतं. ती माझी होती. मावशीने ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत पडद्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचली नाही, आणि ते मला बघवेना.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नाव माझं होतं, हिशेब माझा होता, हाताचे तुकडेही मीच पाडले होते, पण रंग माझे नव्हते. आणि चित्राला पट्टी नव्हती. उजव्या बाजूला, जिथे ती असायला हवी, तिथे नुसती पांढरी जागा होती. साहेबांनी ती नीटनेटकी छाटली होती.

तपासनीस काहीतरी लिहायला वाकले. साहेब म्हणाले, "पुढचं पान."

मला बोलायची मनाई होती. हात हलवायची नव्हती. साहेब स्वतःची चित्रं कधी स्वतः लावत नाहीत, ते काम माझ्यासारख्यांचं. म्हणूनच त्यांना एक साधी गोष्ट माहीत नसावी: पानावर लावलेलं चित्र छाटलं म्हणजे तो भाग जात नाही, नुसता झाकला जातो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी पान पुढे केलं नाही. चित्रावर क्लिक केलं, छाटणीचं बटण दाबलं, कडेला काळ्या खुणा आल्या, त्यातली उजवीकडची धरली आणि सावकाश ओढली.

पडद्यावर पट्टी बाहेर आली. आधी रंग, मग आकडे. खाली निळ्यापाशी शून्य होतं. वर लालपाशी सहाशे. आणि पट्टीच्या पायथ्याशी, सॉफ्टवेअर नेहमी लिहितं तसं, या हातावर प्रत्यक्षात आलेला सर्वात जास्त ताण लिहिलेला होता: तीनशे बारा दशांश सहा.

"पुढचं पान म्हणालो मी," साहेब म्हणाले. त्यांची पाठ पडद्याकडे होती.

"थांबा," तपासनीस म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला, उठले आणि पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. "हे मघाशी नव्हतं. तीनशे बारा? आमच्या नियमात या यंत्राला मर्यादा एकशे साठ आहे."

साहेबांनी वळून पाहिलं. एक क्षणभर त्यांचा चेहरा उघडा पडला, मग गोड आवाज परत जागेवर आला. "ती तांत्रिक बाब आहे. पट्टीचा आकडा सॉफ्टवेअर आपणहून घेतं. त्यामुळे गोंधळ होतो, म्हणून आम्ही ती दाखवत नाही."

तपासनीस माझ्याकडे वळले. "बाई, हे सॉफ्टवेअर आपणहून सहाशे घेतं का?"

"त्या नात्यातल्या आहेत," साहेब चटकन म्हणाले. "मी तुम्हाला कळवलं होतं."

"मी सॉफ्टवेअरबद्दल विचारतोय, नात्याबद्दल नाही."

मी उभी राहिले. "आपणहून घेतलं असतं तर वर तीनशे बारा दशांश सहा दिसलं असतं. सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त ताणाला लाल रंग देतं, आणि तो आकडा कधीच गोल नसतो. गोल आकडा माणूस टाकतो. सहाशेच्या पट्टीवर तीनशे बरोबर मध्ये येतो. मध्ये हिरवा असतो. मी हे चित्र केलं तेव्हा वर एकशे साठ ठेवलं होतं आणि हे सगळं मूळ लाल होतं. मी ते साहेबांना दाखवलं होतं."

"म्हणजे तुम्ही म्हणाल तो रंग येतो?" मेट्रननी विचारलं. त्या आता टेबलावर पुढे झुकल्या होत्या.

"रंग आपण म्हणू तो येतो. ताण आहे तेवढाच राहतो."

"आणि तो परवानगीच्या दुप्पट आहे."

"जवळजवळ दुप्पट."

"जोड कितीही चांगला घातला तरी?"

"चारच्या पत्र्यावर देवाने जोड घातला तरी," मी म्हणाले.

मेट्रननी पर्समधून फोन काढला. साहेब म्हणाले, "मॅडम, घाई नको. निष्कर्ष निघायचाय अजून." मेट्रननी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वॉर्डला द्या," त्या फोनवर म्हणाल्या. "ऐक. उचलायची सगळी यंत्रं बंद. आत्ता. कोणी झोळीत असेल तर आधी खाली घ्या, हळू, दोघीतिघींनी धरून. मी थांबते फोनवर. नाही, जोडाचा प्रश्न नाही. सगळीच तशी आहेत."

त्या फोन कानाला लावून बसल्या. मावशीने ओठ घट्ट मिटले होते. तपासनीस उभेच होते. तेवढ्या वेळात मला नीट समजलं की साहेबांनी मावशीच्या माथी दोष मारला तेव्हा त्यांनी फक्त एका वेल्डरवर अन्याय केला नव्हता. दोष एका बाईच्या हाताचा ठरला, की तुटलेलं यंत्र तेवढं एकच ठरणार होतं. बाकीची सगळी तशीच चालू राहणार होती, रोज, माणसं उचलत. हिरव्या रंगात. माझ्या आद्याक्षरांखाली.

"घेतलं खाली?" मेट्रन फोनवर म्हणाल्या. "बरे आहेत ना? घाबरले नाहीत ना?" मग त्यांनी फोन ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "एक आजोबा होते झोळीत. अर्ध्यात होते."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

त्यानंतरचं सगळं पटापट झालं. तपासनिसांनी ते पान, पट्टीसकट, तिथल्या तिथे आपल्याकडे घेतलं. सगळे हलके हात परत मागवायचा हुकूम निघाला. साहेबांचं काय करायचं ते वरचे लोक ठरवणार होते, आणि वरच्या लोकांना असल्या गोष्टी ठरवायला वेळ लागतो. तोवर साहेब केबिनमध्ये होते, शर्टाला इस्त्री होती.

बाहेर पडताना मावशी माझ्या शेजारून चालत होती. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल. तिने माझा दंड धरला, जोरात, आणि म्हणाली, "ते खालचं तुझं नाव वाचलं तेव्हा मी तुला मनातल्या मनात घराबाहेर काढलं होतं."

"मग आता?"

"आता ये परत. पण असल्या माणसाच्या हातात आपलं नाव देत जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम शॉपवर गेले. मावशी मशीनपाशी उभी होती, पण मशीन चालू केलं नव्हतं. साहेब आले. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो घेऊन ते सूचना फलकाकडे निघाले होते. मावशी आडवी गेली.

"काय आहे ते?"

"तुमच्यासाठीच आहे बाई. चांगली बातमी आहे," साहेब म्हणाले.

मावशीने कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. ‘तांत्रिक पुनरावलोकनानंतर संबंधित कर्मचाऱ्यास पूर्ववत काम करण्यास हरकत नाही.’ तिने तो उलटा करून मागे पाहिलं. मागे कोरा होता.

"यात मी कुठे आहे?"

"संबंधित कर्मचारी म्हणजे तुम्हीच. झालं गेलं विसरून जा आता. आपण सगळे एकाच घरातले."

"घरातले असतो तर मला घरात बोलला असतात. तुम्ही मला इथे बोललात, या जागेवर, या सगळ्यांसमोर. तोंडाने काढलंत, साहेब. आता कागदाने परत घेताय?"

"मग काय करू म्हणता?"

"तोंडाने घ्या."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. ग्राइंडरवाला थांबला होता. कटरने मशीन बंद केलं. झाडूवालीने झाडू भिंतीला टेकवला. एकेक करून आवाज बंद होत गेले. साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू मी पान पुढे करणार होते. मी हात बांधून उभी राहिले.

त्यांनी घसा साफ केला. नजर जमिनीवर होती. "जोड चांगला होता," ते म्हणाले. "चूक रचनेत होती. माझी. मी उगाच..." पुढचे शब्द त्यांनी गिळले.

ते जायला वळले.

"साहेब," मावशी म्हणाली. "मागे ऐकू आलं नाही. परत."